परदेशी बाजारपेठ व द्राक्षबागेतील बदलते काम

शेतमाल गावच्या शिवेबाहेर विकावयास निघाला म्हणजे त्याच्या किमतीबरोबर त्यावर करावयाच्या कामाचेही स्वरूप पालटते. हा पालट आपल्या राज्यात ठळकपणे पाहावयाचा असेल, तर नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी व बागलाण ह्या द्राक्षाच्या तालुक्यांकडे पाहावे. २०२३-२४ साली भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षे परदेशी गेली व त्यांचे मोल सुमारे ३,४६० कोटी रुपये झाले. ह्यातील फार मोठा वाटा महाराष्ट्राचा व महाराष्ट्रातही नाशिकचा होता. नेदरलँड्स, ब्रिटन, रशिया, संयुक्त अरब अमिराती, बांगला देश ही ह्या मालाची प्रमुख गिऱ्हाइके होत. आकडे मोठे आहेत. परंतु तेवढ्यावर समाधान मानून आपल्या कार्यकर्त्यांनी थांबू नये. ह्या व्यापाराने कोणास कोणते काम दिले, आणि जे नवे काम निघाले ते करण्याची तयारी आपल्या गावातील मुलामुलींची आहे काय, हा प्रश्न विस्तारकार्याच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे.

जुन्या काळी नाशिककडे भोकरी, फकडी ह्या जाती होत्या. पुढे अनाबेशाही आली. त्या वेळची गिऱ्हाइके मुंबईची. घड तोडावा, खराब मणी काढावेत, करंडीत भरावा व रात्रीच्या गाडीने रवाना करावा, एवढ्यावर काम संपत असे. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात आली आणि तिच्यामागोमाग संजीवकांचा वापर आला, तेव्हापासून घडाघडावर हात फिरविण्याची आवश्यकता निर्माण झाली. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही संस्था उभारली व संघटितपणे युरोपात माल धाडण्यास आरंभ केला. पहिल्या काही वर्षांत माल नाकारला जाण्याचे प्रसंग वारंवार आले. मणी बारीक, देठ सुकलेले, पेटीत कूज शिरलेली, अशा तक्रारी येत. त्या तक्रारींतूनच आजची बागेतील कामाची पद्धत घडत गेली.

घडाघडावर हात

नऊ फूट बाय पाच फूट अंतरावर लागवड केल्यास एकरात सुमारे ९७० वेली बसतात. प्रत्येक वेलीवर ३० घड राखले, तरी एकरी २९ हजारांवर घड होतात. ह्यातील प्रत्येक घड काढणीपर्यंत निदान चार-पाच वेळा माणसाच्या हातात येतो. यंत्राने अद्याप हे काम साधलेले नाही. द्राक्षाच्या निर्यातीमागे माणसांचे किती मोठे बळ उभे आहे, हे ह्या साध्या हिशेबावरून ध्यानात येईल.

कामाचे वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीने सुरू होते. हिच्या योगाने काडी तयार होते व काडीतील डोळ्यांत पुढील हंगामाचे घड आकारास येतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर ह्या काळात फळछाटणी करतात. बागलाणात मात्र लवकर येणाऱ्या पिकासाठी ती पावसाळ्यातच उरकतात. कोणत्या डोळ्यावर काडी कापावी, हे प्रत्येक काडीगणिक ठरवावे लागते, म्हणून छाटणारा गडी जाणता लागतो. छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्यामुळे सर्व डोळे एकसारखे फुटतात. मग फेलफुटी काढणे, शेंडा खुडणे, बगलफुटी काढणे ही कामे एकामागून एक येतात. फुलोऱ्यापूर्वी घडाची दांडी लांबावी म्हणून, व पुढे मणी फुगावेत म्हणून, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवितात. काही बागांत खोडावरील सालीची बारीक कडी काढून गर्डलिंग करतात, जेणेकरून पानांत तयार झालेले अन्न काही काळ मुळांकडे न जाता घडास मिळते. सालीखालच्या लाकडास सुरी लागली की वेल कमजोर होते. हे काम भरवशाच्या हातीच द्यावे लागते.

ह्या सर्वांत नाजूक काम विरळणीचे. निर्यातीच्या मालात मण्याचा व्यास १६ ते १८ मिलिमीटर व त्याहून अधिक असावा, आणि रसातील गोडी निदान १६ अंश ब्रिक्स भरावी, अशी मागणी असते. त्यासाठी घडाच्या काही पाकळ्या कापून व काही मणी काढून साधारणपणे शंभराच्या आसपास मणी ठेवावे लागतात. अधिक काढले तर वजन जाते. कमी काढले तर मणी आकारास येत नाहीत व घड आवळून बसतो. कातरीचे टोक शेजारच्या मण्यास लागले तर त्या वेळी दिसतही नाही. पुढे जहाजावर तीन-चार आठवड्यांच्या प्रवासात तोच मणी कुजतो व सारी पेटी नासवितो. दिंडोरीच्या बागेत डिसेंबरात झालेली चूक एप्रिलमध्ये रॉटरडॅम बंदरात उघडकीस येते, आणि तिचा आकार बागायतदाराच्या पट्टीतून वजा होतो.

म्हणूनच चांगली विरळणी करणाऱ्या टोळीस मागणी असते व तिचा दर साध्या निंदणी-खुरपणीहून चढा असतो. ह्या टोळ्या बहुतांशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या डोंगरी तालुक्यांतून, तसेच शेजारच्या डांगमधून येतात. तेथे भात व नागली निघाली की पुढे पाण्याअभावी शेतात काम उरत नाही; त्याच सुमारास द्राक्षबागांत मात्र हातांची टंचाई असते. हंगामात नाशिकजवळील गिरणारे येथे सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. टोळ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. काम बहुधा एकरावर उक्ते ठरते, मुकादमामार्फत उचल घेतलेली असते, व मुक्काम बागेतील खोलीत किंवा खोपीत असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. ह्या भगिनी 'अकुशल मजूर' म्हणून सरकारी कागदावर व बोलण्यातही गणल्या जातात. चार हंगाम विरळणी केलेल्या बाईने घड हातात घेऊन कोणती पाकळी काढावी हे क्षणात ठरवावे, आणि त्या ज्ञानास आपण कौशल्य म्हणू नये, हे न्यायाचे नाही. तिच्या हातात कोणतेही प्रमाणपत्र नसल्यामुळे पुढील वर्षी नव्या बागेत तिला पुन्हा आरंभापासून दर ठरवावा लागतो.

एक भाग दहा कोटींत

परदेशी गिऱ्हाईक माल घेते, त्याबरोबर तो कसा पिकविला ह्याचा पुरावाही मागते. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या काही द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले. त्यानंतर अंश-तपासणीची योजना सुरू झाली, आणि २००६ पासून अपेडा ह्या केंद्रीय संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकावरील नोंदणी आणली. निर्यातीसाठी बागेची नोंदणी कृषी विभागाकडे करावी लागते, प्रत्येक बागेस क्रमांक मिळतो, फवारणीची नोंद ठेवावी लागते, काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेतो, आणि अहवाल योग्य आला तरच त्या बागेचा माल युरोपकडे जाऊ शकतो. पेटीवरील क्रमांकावरून माल कोणत्या बागेतील, हे परदेशात बसूनही कळते.

ह्या तपासणीची कसोटी किती बारीक आहे, हे शेतकरी बंधूंच्या पूर्ण ध्यानात आलेले असतेच असे नाही. ज्या औषधासाठी युरोपात स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही, त्याचा अंश सामान्यतः किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! शेजाऱ्याच्या टोमॅटोवर फवारलेले औषध वाऱ्याने उडून आले, किंवा पंप न धुता वापरला, तरी एवढा अंश सहज येऊ शकतो.

२०१० सालचा प्रसंग तर सर्वांनीच लक्षात ठेवावा असा आहे. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, ज्यास बागायतदार सी.सी.सी. म्हणतात, हे वाढ आटोक्यात ठेवणारे संजीवक आहे. फुटीचा जोर कमी होऊन डोळ्यांत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून खरड छाटणीनंतर ते वापरीत असत. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेहून अधिक निघाले. आपल्याकडील तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचा समावेशच नव्हता. त्यामुळे येथे निर्दोष ठरलेला माल तेथे अडकला. कित्येक कंटेनर बंदरात पडून राहिले, भाव कोसळले, आणि नियम पाळूनही बागायतदार कर्जात बुडाले. त्यांच्या बरोबर ज्यांचे काम बुडाले, त्या मजुरांचा हिशेब कोणी मांडला नाही. त्यानंतर यादी वाढविण्यात आली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कोणते औषध वापरावे व काढणीच्या किती दिवस आधी बंद करावे, ह्याची यादी प्रसिद्ध करीत असते. जुनी यादी भिंतीस चिकटवून तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. यादी बदलत असते.

ह्या कागदी कामातून नोकरीचा एक नवाच प्रकार निघाला आहे. फवारणीचा दिवस, औषधाचे नाव, प्रमाण, फवारणाऱ्याचे नाव, काढणीपूर्व प्रतीक्षेचे दिवस हे सर्व नेमकेपणाने लिहिणारा माणूस प्रत्येक निर्यातदारास हवा असतो. दहावी-बारावी झालेली, स्वच्छ अक्षराची, खोटी नोंद न करणारी मुलगी हे काम उत्तम करू शकते. ग्लोबलगॅपसारख्या प्रमाणपत्रासाठी बागेची तपासणी होते, तेव्हा नोंदवहीबरोबर औषधांचे कपाट, रिकाम्या बाटल्यांची विल्हेवाट, मजुरांना पिण्याचे पाणी व शौचालयाची सोयही पाहतात. काही परदेशी दुकाने ह्याहून पुढे जाऊन मजुरीच्या नोंदीही मागतात. ज्या सोयी मजुरांना आपणहून द्यावयास हव्या होत्या, त्या दूरच्या गिऱ्हाइकाने मागितल्यावर होऊ लागल्या, हे भूषणावह नसले तरी त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

पॅकहाउसमधील काम

काढणी पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी करतात. घड प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये एका थराने ठेवून पॅकहाउसमध्ये आणतात. तेथे डोक्यास टोपी घालून, बांगड्या व अंगठ्या काढून ठेवून, स्त्रिया प्रतवारीस बसतात. मण्यावरील पांढुरकी लव हाताने पुसली गेली तर फळ शिळे दिसते. म्हणून घड देठास धरूनच उचलावा लागतो. वजन करून माल पेटीत भरतात व वर गंधकाचा वायू सोडणारा कागद ठेवतात. हा वायू बुरशी रोखतो. परंतु घड ओले असतील तर कागदातून वायू एकाएकी अधिक सुटतो आणि मणी पांढरे पडतात. पॅकहाउसमधील मुलीस हे कारण समजावून सांगितले असेल तर ती दवाने ओला घड बाजूला काढते. नुसतेच 'ओले भरू नको' म्हटले असेल, तर घाईच्या वेळी ते विसरले जाते.

पेट्या लगेच पूर्वशीतन कक्षात नेऊन मालाचे तापमान उतरवितात व नंतर शून्य अंशाच्या आसपास साठवितात. शीतयंत्र चालविणारा व दुरुस्त करणारा, तापमानाची नोंद घेणारा, मालाचा दर्जा तपासणारा, निर्यातीचे व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचे कागद तयार करणारा, अशी कित्येक कामे येथे निघाली आहेत. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी हे अशा कामांचे ठळक उदाहरण होय. मात्र वर्षभराच्या पगाराच्या जागा थोड्या आणि हंगामी हात पुष्कळ, हे प्रमाण विसरता येत नाही. शीतयंत्राचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकता येते. तरीही द्राक्षाच्या गावातील किती मुलांनी तो अभ्यासक्रम घेतला आहे, हे कार्यकर्त्यांनी आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

निर्यातीस न उतरलेला माल देशातील बाजारात जातो. सांगली व सोलापूरकडे त्याचबरोबर बेदाण्याचे काम मोठे आहे. तासगावच्या बेदाणा बाजाराची ख्याती सर्वांस ठाऊक आहेच. परदेशी बाजार बंद पडला असता बेदाण्याचे शेड हा मालास व मजुरास दोघांसही आधार ठरतो.

दूरच्या घटनांचे हादरे

व्यापार जगभर पसरला म्हणजे जगातील हादरेही आपल्या बांधापर्यंत येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा नाशिकचा काढणीचा हंगाम भर जोरात होता. टोळ्या गावी निघाल्या, वाहने थांबली, वेलीवरचा माल वेलीवरच राहिला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागल्याने २०२४ च्या हंगामातील पुष्कळ कंटेनर आफ्रिका खंडास वळसा घालून युरोपात गेले. प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. एवढा काळ टिकेल असा कडक मणी व हिरवा देठ असलेला मालच निवडावा लागला. साहजिकच प्रतवारी कडक झाली आणि बाजूला काढलेल्या घडांचा ढीग वाढला. चिली, पेरू व दक्षिण आफ्रिका ह्या देशांचा मालही त्याच दुकानांत जातो. त्यांचा हंगाम लांबला की आपला भाव उतरतो. ह्यात पेठ-सुरगाण्याच्या मजुराचा काहीच दोष नसतो. परंतु भाव उतरल्यावर उक्त्या कामाची उरलेली रक्कम सर्वांत शेवटी त्याचीच चुकती होते, असे अनेक ठिकाणी दिसून येते.

परदेशी पैदासकारांच्या काही नव्या रंगीत व मोठ्या मण्यांच्या जातीही आता येऊ लागल्या आहेत. त्यांची लागवड परवाना घेऊन व स्वामित्वशुल्क भरूनच करता येते. त्यांतील काहींना विरळणी थोडी पुरते, असे त्यांचे पुरस्कर्ते सांगतात. बागायतदारास हा लाभ होईल. टोळीस मात्र तितके काम कमी होईल. ह्याचा विचार आतापासूनच करावयास हवा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिली गोष्ट जिवाच्या सुरक्षिततेची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन मजुरांचे प्राण गेले, हे आपण विसरलेलो नाही. द्राक्षात फवारण्यांची संख्या तर पुष्कळच असते. हातमोजे, मुखवटा व अंगभर कपडे ह्यांवाचून फवारणी करू देऊ नये. हायड्रोजन सायनामाइडविषयी तर विशेष सावधगिरी हवी. ते कातडीस लागल्यास भाजते, आणि ते हाताळण्याच्या आधी व नंतर काही दिवस मद्य घेतल्यास तोंड लाल होणे, छाती धडधडणे, श्वास कोंडणे असा गंभीर त्रास होतो. हे फार थोड्या मजुरांस ठाऊक असते. छाटणीच्या आदल्या दिवशी टोळीस एकत्र बसवून, तिच्या बोलीत, ही गोष्ट स्पष्ट सांगावी. टोळीत गरोदर स्त्री असल्यास तिला औषधाच्या कामावर घेऊ नये.

दुसरी गोष्ट कराराची. उक्ते काम ठरविताना वेलींची संख्या मोजावी. 'एकर' म्हणून मोघम बोलू नये, कारण लागवडीचे अंतर बागेगणिक निराळे असते. कोणती कामे दरात धरली आहेत, विरळणी एकदा की दोनदा, उचल किती दिली, राहण्याची व पाण्याची सोय कोणाची, उरलेले पैसे कोणत्या दिवशी, हे साध्या वहीत लिहून दोघांनी सही किंवा अंगठा करावा. मुकादमास एक प्रत व टोळीतील एखाद्या वाचता येणाऱ्या बाईस दुसरी प्रत द्यावी. असंघटित कामगारांसाठी असलेल्या ई-श्रम नोंदणीचे काम टोळीच्या मूळ गावीच, ती निघण्यापूर्वी, उरकणे सोपे जाते. बागेवर आल्यानंतर आधार कार्ड घरी राहिल्याचे कळते.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. नाशिक येथील कृषी विज्ञान केंद्राचे वर्ग बागायतदारांस परिचित आहेत. तेथील तज्ज्ञांस दिंडोरी-निफाडप्रमाणेच पेठ व सुरगाण्यातही, टोळ्या निघण्यापूर्वी दिवाळीच्या सुमारास, बोलवावे. दोन दिवसांत विरळणी, गर्डलिंग व औषधांची हाताळणी हे विषय प्रत्यक्ष काडी व घड हातात देऊन शिकविता येतात. वर्ग पूर्ण करणाऱ्या प्रत्येकीस नाव व कामाचा तपशील असलेला दाखला द्यावा आणि तिने ज्या बागेत काम केले तेथील बागायतदाराने हंगामाअखेर त्यावर शेरा लिहावा. ह्या कागदास फारसा खर्च येत नाही. पुढील वर्षी दर ठरविताना तो तिच्या उपयोगास येईल, आणि चांगली टोळी शोधणाऱ्या बागायतदारासही त्याचा तितकाच उपयोग होईल.

नोंदवहीबाबत एवढेच सुचवावयाचे आहे की, ती छाटणीच्या दिवशीच उघडावी व बागेतच ठेवावी. काढणीच्या तोंडावर मागील तारखा आठवून एकाच शाईने लिहून काढलेली वही तपासनीसास पहिल्या पानावरच ओळखू येते.